पंचनाम्याच्या आधीची सरी

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर सप्टेंबरात काही आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के असेल तरच मदत. केंद्राच्या २०२२च्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. २०२४च्या सप्टेंबरात पहिल्या दोन दिवसांतच आणि पुन्हा २०२५च्या सप्टेंबरात काढणीच्या तोंडावरचं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा याच आकड्यांभोवती गावंच्या गावं बोलत होती.

आपत्तीच्या सरकारी भाषेतला आणखी एक शब्द मात्र पारापर्यंत फारसा पोचलेला नाही. मिटिगेशन, म्हणजे सरकारी मराठीत सौम्यीकरण. आपत्तीचा धोका, तडाखा किंवा परिणाम कमी करण्यासाठी योजलेले उपाय, असा त्याचा अर्थ २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दिलेला आहे. बचाव आणि मदत आपत्ती आल्यावर सुरू होतात; हे काम बहुतांशी तिच्या आधीचं. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती जोखीम निधीतले २० टक्के या कामासाठी वेगळे ठेवायला सांगितले, उरलेले ८० टक्के मदत, पुनर्बांधणी आणि सज्जतेसाठी. ही विभागणी बोलकी आहे. न झालेल्या नुकसानीचा पंचनामा होत नाही, त्यामुळे ते टाळणाऱ्याचं नावही कुठल्या यादीत येत नाही.

खातं बदललं की या शब्दाचा अर्थही थोडा सरकतो. कोर्टात करारभंगाचा दावा लागला, तर नुकसान झालेल्या माणसाने ते वाढू नये म्हणून काय केलं, हे १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७३ खाली विचारात घेतलं जातं. हवामान परिषदांत मिटिगेशन म्हणजे कर्बवायूंचं उत्सर्जन घटवणं. बदललेल्या पावसाशी जुळवून घेण्याला तिथे अनुकूलन म्हणतात. एकच शेततळं आपत्ती विभागाच्या लेखी सौम्यीकरण आणि हवामान तज्ज्ञांच्या लेखी अनुकूलन ठरतं. शेततळ्याला अर्थात त्याचं सोयरसुतक नाही.

परभणीत हा शब्द जमिनीवर पाहायचा, तर रुंद वरंबा सरी पाहावी. शेतकरी तिला बीबीएफ म्हणतात. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते, मग पाणी आत मुरणं मंदावतं, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि सोयाबीन पिवळं पडतं. पुढे पंधरा-वीस दिवस उघडीप पडली, की तीच माती भेगाळते. दोन्ही संकटं एकाच हंगामात, एकाच वावरात येतात. बीबीएफमध्ये रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी असते. झोडपून पाऊस आला तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. बेताचा आला तर सरीतच थांबून मुरतं आणि खंडाच्या काळात ओल पुरवतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनींसाठी ही पद्धत १९७०च्या दशकात विकसित केली. त्याच दशकात, १८ मे १९७२ रोजी, म्हणजे महादुष्काळाच्याच वर्षी, परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ते हेच. सोयाबीनसाठी या पद्धतीची शिफारस ते करतं. २०१८मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातूनही, म्हणजे गावच्या भाषेत ‘पोकरा’तून, तिला बळ मिळालं.

विद्यापीठाचे बाकीचे सल्लेही याच जातीचे आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, म्हणजे दुबार पेरणीचा खर्च टळेल. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर घ्या. एक पीक गेलं तर दुसरं हाती राहील. पावसाचा खंड पडला तर पोटॅशियम नायट्रेटची एक टक्क्याची फवारणी करा. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सोयाबीनचं बियाणं घरी उगवणक्षमता तपासून राखलेलं असो की विकतचं, दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याने केली त्यालाच विचारावं.

अडचण यंत्राची आहे. पेरणीयोग्य वाफसा जेमतेम काही दिवस टिकतो, त्याच दिवसांत सगळ्यांना ट्रॅक्टर हवा असतो आणि बीबीएफ पेरणी यंत्रं मोजकी असतात. त्यावरचा जुना तोडगा स्वस्त आहे: सपाट पेरणी झाली असली तरी उभ्या पिकात, ठरावीक ओळींनंतर, कोळप्याला दोरी गुंडाळून सरी काढायची. बैलजोडी असली की झालं. बैलजोड्याच कमी होत चालल्या आहेत, ही वेगळी गोष्ट.

गोदावरीने पात्र सोडलं, धरणातून मोठा विसर्ग आला, तर नदीकाठच्या वावरात सरी काही वाचवू शकत नाही. शिवारात साचणाऱ्या पाण्यावर मात्र तिचा उपयोग होतो, तोही सरीचं तोंड कुठे उघडतं यावर अवलंबून. ते शेजाऱ्याच्या बांधावर उघडलं तर पाणी त्याच्या कापसात आणि भांडण तहसीलमध्ये. म्हणून सरी काढण्याआधी शेजाऱ्यांनी एकत्र बसून पाणी ओढ्यापर्यंत नेणारा चर ठरवावा लागतो, आणि बुजलेला ओढा असेल तर तो आधी मोकळा करावा लागतो. हे काम मे महिन्यातलं आहे.