पुळणीवरचा चेंडू

7 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय हॉकी महासंघाच्या स्थापनेला शंभर वर्षे झाली, तेव्हा फुटबॉलची इंडियन सुपर लीग हक्कांच्या करारापायी अडून पडली होती. एकीकडे शताब्दी, दुसरीकडे कुलूप. 1928 ते 1956 या काळातल्या सहा ऑलिंपिक सुवर्णपदकांची उजळणी अशा वेळी होतेच, ती इथे नको. हॉकीचा प्रेक्षक कुठे निसटला हे शोधायचे तर ऐंशीच्या दशकात जायला हवे. 1 डिसेंबर 1982 रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने भारताला 7-1 असे हरवले आणि सारे खापर गोलरक्षक मीर रंजन नेगींवर फुटले. तो अन्याय होता. 1986 मध्ये मॅराडोनाने गाजवलेला मेक्सिकोचा फुटबॉल विश्वचषक दूरदर्शनवरून घराघरांत आला, तर त्याच वर्षी लंडनच्या हॉकी विश्वचषकात भारत बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. प्रेक्षक पराभवाला विटला, असे तेव्हापासून सांगितले जाते. पण फुटबॉलच्या विश्वचषकात भारत कधी खेळलेलाच नाही, तरी त्यासाठी लोक रात्र जागवतात. हॉकीच्या चेंडूचा घेर जेमतेम 23 सेंटिमीटर, फुटबॉलचा 68 ते 70. त्या काळच्या लहान पडद्यावर हॉकीतला गोल आधी समालोचकाच्या आवाजातून कळे. हॉकीत गोल जास्त होतात हे खरे, पण त्यांतले पुष्कळ पेनल्टी कॉर्नरवर, आणि शिट्टी कशाची वाजली ते न खेळलेल्याला उमगत नाही. फुटबॉलच्या एका गोलासाठी नव्वद मिनिटे वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्यातच जीव गुंततो.

खरा घाव मात्र 1976 चा, माँट्रिअल ऑलिंपिकमधल्या कृत्रिम मैदानाचा. ओहोटीने उघडी टाकलेली ओली पुळण किंवा भात कापून मोकळा झालेला कुणगा, एवढ्यावर फुटबॉल होतो. हॉकीला पाणी मारून भिजवायचे मैदान लागू लागले. वैशाखात विहिरी तळ गाठतात त्या सिंधुदुर्गात ते कोण पोसणार? ज्याने कधी काठी धरली नाही, तो पाहायला तरी का बसेल? 2023 च्या विश्वचषकात राउरकेलाचे वीस हजारांचे स्टेडियम भरले, हा दाखला कुणी देईल. पण त्या सुंदरगढ जिल्ह्यात पोरे बांबूच्या काठ्यांनी खेळत वाढतात आणि गावच्या स्पर्धेत बोकडाचे बक्षीस असते. तिथे प्रेक्षक खेळातूनच घडला.

तेरेखोलपलीकडे गोव्यात फुटबॉलचेही तसेच होते. 1983 आणि 1984 चे संतोष करंडक, ब्रह्मानंद शंखवाळकरांचे गोलरक्षण, 1989 चे फातोर्ड्याचे स्टेडियम: ही गर्दी गावोगावच्या संघांनी जमवली होती. वरून आखलेल्या इंडियन सुपर लीगपायी 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले, ही जखम अजून ओली आहे. घाटावर कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार आणि खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात. त्या गर्दीला दिल्लीतल्या कुठल्याच कराराची वाट पाहावी लागत नाही.