सगळं फोनवर मिळतं, मग ग्रंथपाल कशाला?

आजच्या भागाचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडत असणार. उत्तरं खिशातल्या फोनवर मिळत असताना लायब्ररीत जाऊन कुणाला काही विचारायचंच कशाला?

मी एक उदाहरण देते. समजा, प्रोजेक्टसाठी तुम्ही सर्च केलंत, ‘मुंबईच्या गिरण्या’. क्षणात ढीगभर लिंक हजर! आता हेच ग्रंथपालांना विचारा. त्या आधी उलट विचारतील, “नेमकं काय हवंय? आणि कशासाठी?” १९८२ चा संप हवा असेल, तर त्या वेळची वर्तमानपत्रं बघावी लागतील. कामगारांचं रोजचं जगणं हवं असेल, तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखतींवर उभं राहिलेलं पुस्तक आहे. शब्द तेच, पण वाटा वेगळ्या. प्रश्नामागचा खरा प्रश्न शोधणं, हीच संदर्भ सेवा.

ही कल्पना जुनी आहे बरं का. अमेरिकेतल्या वूस्टर शहरातले ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ मध्येच सांगितलं होतं, की वाचकाशी बोलून त्याला हवं ते शोधून द्यायला मदत करणं हे ग्रंथपालाचं काम आहे. आपल्याकडे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. पूर्वी माहिती सापडायची नाही म्हणून वेळ जायचा. आता ती नको इतकी सापडते म्हणून जातो.

त्यात आता चॅटबॉट आलेत. ते कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचं नावसुद्धा अगदी ठामपणे सांगतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे खटले दाखले म्हणून सादर केले आणि दंड भरला. विचार करा, वकील फसतात, तर परीक्षेच्या आदल्या रात्री आपलं काय होईल?

म्हणून आजच्या लायब्ररीचं दुसरं काम आहे शिकवण्याचं: माहिती शोधायची कशी आणि पारखायची कशी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. फॅक्ट-चेकर सगळ्यांत सरस ठरले. त्यांची युक्ती काय? ते त्या पानावर रेंगाळले नाहीत. लगेच नवीन टॅब उघडून, या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात, ते त्यांनी पाहिलं. हे तुम्हीही आजपासून करू शकता.

मराठी विषय असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो. पीएचडीचे प्रबंध हवेत? ‘शोधगंगा’वर बघा. आणि चॅटबॉटने पुस्तक सुचवलंच, तर ते खरंच आहे का, हे आधी लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये तपासा.

एवढं करूनही अडलात, तर लायब्ररीत जाताना चार गोष्टी सांगायची तयारी ठेवा: काय हवंय, कशासाठी, कधीपर्यंत आणि आतापर्यंत कुठे कुठे शोधलंत. आणि “मला हे नीट सांगता येत नाहीये” असं वाटलं, तरी बिनधास्त जा. तिथून पुढे प्रश्न नीट मांडायला मदत करणं हेच तर त्यांचं काम आहे!