एक किलो खाद्य, पंधरा टन कोळंबी

पेरूच्या किनाऱ्यावर जाळ्यात येणारी अँचोव्हेटा आपल्या मांदेलीच्या कुळातली. ती शिजवून, दाबून, वाळवून फिशमील करतात. पण त्यात उरलेल्या तेलाचा हवेशी संयोग होत राहतो, माल आतून तापतो आणि भर समुद्रात जहाजाच्या पोटात आग लागू शकते. म्हणून जहाजवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी बरीच वर्षं सांगितलं: कारखान्यातच टनामागे 400 ते 1000 ग्रॅम इथॉक्सीक्विन मिसळा. म्हणजे दहा हजार टन फिशमीलमागे किमान चार टन! एके काळी रबराला चिरा पडू नयेत म्हणून वापरलेलं हे रसायन.

फिशमीलमधून ते माशांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात उतरतं. युरोपात खाद्याची मर्यादा होती किलोमागे 150 मिलिग्रॅम. आता 2012 मधलं जपान बघा. भारतातून गेलेल्या कोळंबीत त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त इथॉक्सीक्विन नको होतं. दहा कोटी भागांत एक भाग. हिशेब मांडला तर 15 टन कोळंबीला मिळून मुभा 150 मिलिग्रॅमची, म्हणजे युरोपातल्या एक किलो खाद्याला होती तेवढीच. बरं, त्याच जपानात माशाला किलोमागे 1 मिलिग्रॅम चालत होतं! पुढे 2014 मध्ये कोळंबीची मर्यादा 0.2 झाली, एका फटक्यात वीसपट. कालची नापास कोळंबी आज पास, कोळंबी मात्र तीच.

आणि त्या कडक मर्यादेत जेमतेम बसलेल्या 20 ग्रॅमच्या एका कोळंबीत रेणू किती? साडेपाच कोटींना एक कोटीने गुणा, साधारण तेवढे.

मोजायचं काय, हा प्रश्न मला त्याहून अवघड वाटतो. नॉर्वेतल्या संशोधकांना शेतीच्या सॅमन माशाच्या मांसात मूळ इथॉक्सीक्विनपेक्षा त्याचं डायमर जास्त सापडलं. दोन रेणू जुळतात, जुळताना दोन हायड्रोजन गळतात, 217 चं रेणूवजन 432 च्या घरात जातं. मूळ पदार्थ शरीरातून लवकर निघून जातो, डायमर रेंगाळतो. नुसता मूळ रेणू शोधणारी तपासणी त्याच्या शेजारून निघून जाईल. युरोपने 2017 मध्ये खाद्यातली परवानगी स्थगित केली. त्यामागे एक विघटनज पदार्थ होता आणि पी-फेनेटिडीनही होतं: इथॉक्सीक्विन ज्यापासून बनवतात तो, त्यात अशुद्धी म्हणून मागे राहणारा कच्चा माल.