होडीच्या मोटरची फळी : पाणी शिरते ते भोकांतून

माणगाव हे समुद्रकाठचे गाव नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावरील या तालुक्याच्या ठिकाणाहून म्हसळा, श्रीवर्धन आणि दिघीकडे जाणारे रस्ते मात्र थेट होड्यांच्या प्रदेशात उतरतात. वारा पडल्यावर शिडाची होडी किंवा मुख्य इंजिन बंद पडल्यावर मचवा ज्या छोट्या मोटरच्या भरवशावर किनारा गाठतो, ती मोटर पिछाडीला एका लाकडी फळीवर शिकंजाने कसलेली असते. ही फळी आतून कुजलेली असेल, तर नेमक्या अडचणीच्या वेळी मोटर फळीसकट पाण्यात जाण्याचा धोका असतो.

लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की त्यात कुजविणारी बुरशी वाढू लागते. येथे खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक ठरते, हे ऐकून नवल वाटेल. हे पाणी रंगवलेल्या पृष्ठभागातून फारसे शिरत नाही. ते शिरते बोल्टच्या भोकांतून आणि फळीच्या कापलेल्या तोंडांतून, कारण तेथे लाकडाच्या नलिका उघड्या पडलेल्या असतात. म्हणूनच जुन्या फळीवर वरून रंगाचे हात देत राहणे व्यर्थ होय. टोच्याने टोचून पाहावे. टोक सहज रुतले, तर फळी बदलणेच इष्ट.

नव्या फळीसाठी साग उत्तम. तो परवडत नसल्यास आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लायवूड चालते. त्यातील गोंद पाण्याला दाद देत नाही. पण लाकूड अखेर लाकूडच, तेव्हा त्याच्याही कडा उघड्या ठेवता येत नाहीत.

खरे काम भोकांचे आहे. बोल्टच्या जाडीपेक्षा बरेच मोठे भोक पाडायचे, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरायचे आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मध्यातून बोल्टच्या मापाचे भोक पाडायचे. मग पुढे कधी पाणी झिरपले, तरी ते इपॉक्सीच्या नळीत अडते, लाकडापर्यंत पोहोचत नाही. कापलेल्या तोंडांना पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. हे काम उन्हे उतरल्यावर करावे. सकाळी तापत जाणाऱ्या फळीतील हवा बाहेर येऊन लेपात बुडबुडे धरते. संध्याकाळी निवणारी फळी उलट लेप आत ओढून घेते. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे त्यावर रंग किंवा व्हार्निश अपरिहार्य आहे.

मोटर पुढे रेटू लागली की फळीची खालची कड होडीवर दाबली जाते आणि वरचे बोल्ट ओढले जातात. तेव्हा वरच्या बोल्टना स्टेनलेस स्टीलचे रुंद वॉशर हवेतच. बसवताना भोकांत पॉलियुरेथेनचे सीलंट भरावे. सिलिकॉन टाळावे, कारण त्यावर पुढे रंग धरत नाही.

अडचण आहे ती वेळेची. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात त्या पावसाळी मासेमारी बंदीत, आणि कोकणातील जुलैच्या दमट हवेत ना लाकूड वाळते, ना इपॉक्सी नीट बसते. उपाय साधा आहे. होडी पाण्यात असतानाच जुन्या फळीचे माप घ्यावे, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात नवी फळी भोकांसह तयार करून ठेवावी, आणि होडी वर आल्यावर पावसाची उघडीप बघून फक्त बोल्ट कसावेत.