दहा रुपयांत किती प्रथिनं?

गेल्या जूनपासून मी दूध, दही, तूप, पनीर, अंडी आणि मांस यांतलं काहीच खात नाही. अशा आहाराला व्हिगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. पण आपल्याकडे ज्या घरांत भाकरी, आमटी आणि ठेच्यावर दिवस निघतो, ती घरं हा शब्द न ऐकताच निम्मा महिना व्हिगन जेवतात. मी हे का करतो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर घरी पुरेसं भांडण झालेलं आहे. आमच्या गोठ्यात तीन म्हशी आहेत आणि माझी फी बरीचशी दुधाच्या पैशांतून जाते. त्यामुळे आजीने काय ऐकवलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. इथे मी फक्त दोन गोष्टी लिहिणार आहे : असं खाऊन तब्येत राहते का, आणि त्याला पैसे किती लागतात.

वडिलांचं पत्र वाचून हाऊस मास्टर सरांनी परवानगी दिली, पण अट घातली. दर महिन्याला एम.आय. रूममध्ये वजन करायचं, सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. वजन घटलं किंवा हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं, की दूध आणि अंडी पुन्हा सुरू. मला ही अट योग्य वाटते. मला एन.डी.ए.ला जायचंय आणि तिथल्या वैद्यकीय तपासणीत तत्त्वं मोजत नाहीत.

मेसमध्ये सगळे पहिल्यांदा प्रथिनांबद्दलच विचारतात, म्हणून आधी तेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात, १६ ते १८ वर्षांच्या मुलाला सुमारे ५५ ग्रॅम. आता आपलं मेसचं ताट मोजू. दिवसभरात आठ पोळ्या म्हणजे साधारण २४० ग्रॅम कणीक, तिच्यात २५ ग्रॅम प्रथिनं. दोन वाट्या डाळ म्हणजे ६० ग्रॅम कोरडी डाळ, तिच्यात १३ ग्रॅम. भाताचे पाचेक ग्रॅम. झाले ४३! आपण पोळीला हिशोबात धरतच नाही, तिथेच सगळे घाबरतात. उरलेल्यासाठी ५० ग्रॅम भिजवलेले हरभरे खाल्ले तर अजून १० ग्रॅम मिळतात.

गव्हातांदळाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं. वरणभात, खिचडी, आणि इथला राजमा-चावल यांची जोडी त्यामुळे बरोबर बसते. दोन्ही एकाच घासात हवेत असंही नाही, एकाच दिवसात मिळाले तरी पुरतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या गावातल्या किराणा दुकानात वही घेऊन बसलो आणि दहा रुपयांत किती ग्रॅम प्रथिनं येतात ते काढलं. भाव गावोगाव बदलतात, पण क्रम फारसा बदलत नाही. सोयाबीनच्या वड्या १३० रुपये किलो होत्या. शंभर ग्रॅम वडीत ५२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दहा रुपयांत ४०. हरभरा ९० रुपये किलो, दहा रुपयांत २२. शेंगदाणे आणि तूरडाळ सोळाच्या आसपास. अंडं सात रुपयांना होतं, त्याचे दहा रुपयांत नऊ आले. दूध ६० रुपये लिटर, दहा रुपयांत पाच. पनीर त्याहून थोडं कमी, आणि बदाम सगळ्यांच्या खाली : दोन. ‘बदाम खा, ताकद येते’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा दुकानदाराला दाखवावा. जिममधल्या डब्यातली वनस्पतिजन्य पावडर मी हिशोबात घेतलीच नाही. तिच्या एका डब्यात माझा पाच महिन्यांचा खर्च निघतो.

प्रथिनांपेक्षा मला खरी अडचण आली ती पोट लवकर भरण्याची. सकाळी पी.टी., संध्याकाळी खेळ, मध्ये परेड. आमच्या वयाला २८०० च्या वर कॅलरी लागतात. तूप, लोणी आणि दूध काढलं की ताटातल्या कॅलरी गुपचूप कमी होतात आणि भाजी, डाळ, पोळी यांनी पोट मात्र गच्च होतं. कॅलरी कमी पडल्या की शरीर खाल्लेली प्रथिनंच जाळायला लागतं, मग मोजून खाल्लेल्या हरभऱ्याचा उपयोग काय? जुलैमध्ये माझं वजन पाऊण किलोने उतरलं ते यामुळेच. उपाय स्वस्त निघाला : मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, दिवसातून दोनदा. एका मुठीत दीडशेच्या वर कॅलरी येतात, म्हणजे जवळजवळ एक पेला दूध.

दुसरी मदत वर्गातल्या बिहारी मित्राची. त्याच्या घरून सातू येतो. आपलं सातूचं पीठ गव्हाचं-डाळव्याचं असतं, त्यांचा सातू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. पाणी, मीठ, लिंबू, चिरलेला कांदा घालून तो खेळाच्या आधी पितो. चूल लागत नाही, होस्टेलला याहून सोयीचं काही मी पाहिलेलं नाही.

आणि हा डोंगर! मी इथे येऊन चार वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं की मंडुवा म्हणजे आपली नाचणी, आणि गहत म्हणजे आपला हुलगा, कोकणातला कुळीथ. भट्ट नावाचं काळं सोयाबीन इथे घरोघरी शिजतं, त्याची चुडकाणी भातावर घेतात. आमच्या मेसमधले आचारी, ज्यांना आम्ही दाज्यू म्हणतो, ते इथलेच. त्यांना नाचणीच्या भाकरीचं सांगितल्यावर ते हसले आणि बुधवारी मंडुव्याची रोटी करून मोकळे झाले. आता ती आठवड्यातून तीनदा होते आणि दूध पिणारेही मागून घेतात.

नाचणीचं महत्त्व कॅल्शियमसाठी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, शंभर मिलिलिटर दुधात सुमारे १२०. पण आकडा पाहून लगेच खूश होऊ नये. नाचणीतलं फायटेट थोडं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून भिजवून मोड आणून दळलेली नाचणी चांगली. शिवाय गरज रोज हजार मिलिग्रॅमची आहे. व्हिगन आहारात प्रथिनांपेक्षा हे गणित जास्त अवघड आहे. मी न सडलेले तीळ रोज दोन चमचे खातो, आणि इथे हिवाळ्यात मोहरीचा पाला मिळतो तो सोडत नाही. पालकावर मात्र विसंबू नका. त्याच्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला सुटू देत नाही.

लोहाचं सोपं आहे. हरभरा, डाळी, पालेभाज्या यांत ते असतंच, फक्त वनस्पतीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. लिंबू पिळलं की शिरतं, जेवणाबरोबर चहा घेतला की अडतं. म्हणून लिंबू ताटात आणि चहा तासाभराने.

हरभऱ्याला मोड आणण्यात इथे थंडीचा त्रास होतो. गावी एका रात्रीत मोड येतात, इथे जानेवारीत तीन दिवस लागतात, तेही फडक्यात बांधून, स्वेटरमध्ये गुंडाळून. खोलीतल्या मुलांनी त्या गाठोड्याला ‘बाळ’ नाव ठेवलंय. मोड आलेले हरभरे कच्चे न खाता मेसमध्ये वाफवून घ्यावेत, ओल्या कडधान्यात जंतूही वाढतात.

आता ज्याला पर्याय नाही अशी गोष्ट : जीवनसत्त्व बी-१२. ते जिवाणू तयार करतात. आपल्याला ते दूध, अंडी, मांस यांतून मिळतं. डाळ, भाजी, धान्य यांत ते भरवशाचं नसतं. स्पिरुलिनात असतं असं सांगतात, पण त्यातला बराचसा भाग आपल्या शरीराला वापरता येत नाही. यकृतात साठा असतो, म्हणून ते सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं काहीच जाणवत नाही, आणि मग हातापायांना मुंग्या, थकवा सुरू होतो. मज्जातंतूंना झालेली इजा नेहमीच भरून येते असं नाही. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही बी-१२ कमी असू शकतं. तेव्हा गोळी घ्यायची, आणि ती डॉक्टरांना विचारून. आपल्या डॉक्टरांनी मला आठवड्याला एक गोळी लिहून दिली आहे, महिन्याचा खर्च चाळीस रुपये. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी व्हिगन होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी थोडक्यात. ड जीवनसत्त्वासाठी परेड ग्राउंडवरचं ऊन आहे, हिवाळ्यात ते कमी पडतं का हे डॉक्टर बघतात. ओमेगा-३ साठी आईने पाठवलेली जवसाची चटणी. आणि कॅन्टीनमधल्या पुड्यावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हिगन नव्हे. बिस्किटांत बहुधा दुधाची पावडर असते, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

महिन्याचा हिशोब असा : हरभरा दीड किलो १३५ रुपये, शेंगदाणे ९०० ग्रॅम १३५, तीळ ३०० ग्रॅम ६६, गोळ्या ४०. एकूण ३७६. गूळ घरचा, सातू मित्राचा, आणि त्याला बदल्यात माझी चटणी. ऑक्टोबरच्या तपासणीत वजन जूनपेक्षा दीड किलो जास्त भरलं, हिमोग्लोबिन १३.८ आलं. धावण्याची वेळही सुधारली, पण ती खोलीतल्या सगळ्यांचीच सुधारली आहे, म्हणून तिचं श्रेय हरभऱ्याला देत नाही.

ज्या पालकांची मुलं असं काही ठरवून बसली आहेत, त्यांनी पार्सलमध्ये महागडं काही पाठवू नये. आमच्या आजीने डिंकाचे लाडू बंद केले, कारण त्यात तूप. आता ती शेंगदाणे, तीळ आणि गुळाचे लाडू कुटून पाठवते, डब्यावर ‘म्हशीला न विचारता केलेले’ अशी चिठ्ठी लावून.