लहान बंधारा, कायद्याबाहेरची जोखीम
वसई-विरारच्या पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगररांगेतून उतरणाऱ्या ओढ्यांवर पेल्हार, उसगाव यांसारखी ज्ञात धरणे असली, तरी अशा डोंगरपायथ्याच्या प्रदेशात बागायतदाराने स्वखर्चाने घातलेला मातीचा बंधारा सरकारी देखरेखीबाहेर राहण्याचा संभव अधिक असतो. कारण धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, किंवा १० ते १५ मीटर उंचीच्या, परंतु लांबी, साठा, पूरविसर्ग यांसारख्या विहित अटींपैकी किमान एक पूर्ण करणाऱ्या धरणांनाच लागू होतो.

मातीचा भराव प्रामुख्याने दोन प्रकारे फुटतो. सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून नेणारी वाट, अपुरा किंवा गाळाने बुजलेला असल्यास पाणी माथ्यावरून ओसंडते व उताराची माती खरवडून नेते. दुसरा प्रकार अधिक फसवा असून त्यात खेकड्यांची बिळे, कुजलेली मुळे वा पाइपालगतच्या फटी यांतून झिरपणारे पाणी मातीचे कण सोबत नेते आणि आत नळीसारखी पोकळी पोखरत जाते. त्यामुळे पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरणे फारसे चिंतेचे नसले, तरी ते गढूळ होणे ही गंभीर खूण होय.

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. बिळे बुजवणे हे मात्र खेकड्यांचे काम नव्हे.