लघुगुरूंची खिडकी

स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडे लेख मागितला, म्हणजे तो वृत्तांवर असणार अशी वाचकांची अटकळ असते. लेख वृत्तांवरच आहे. मात्र त्याची वाट संगणकावरून जाते. आपल्या बडोद्यातील मराठी घरांतली अनेक मुले आज गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. त्यांतल्या कित्येकांना पायथन ही संगणकभाषा येते, भुजंगप्रयात मात्र ठाऊक नसते. जे येते तेथून जे येत नाही तिकडे त्यांना नेता येईल का, हा माझ्यापुढील प्रश्न आहे. त्यासाठी नवशिक्यालाही रचता येईल असा एक छोटा प्रोग्राम येथे सांगतो. पडद्यावर एक खिडकी उघडावी, तीत कवितेची ओळ लिहावी, बटण दाबावे आणि प्रत्येक अक्षराखाली लघूचे अर्धचंद्र किंवा गुरूची आडवी रेघ उमटावी, एवढेच त्याचे काम.

पायथन ही नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम यांची निर्मिती. ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. खिडक्या आणि बटणे घडवण्याचे साहित्य तिने ‘टीके’ नावाच्या संचातून घेतले. तो संच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन औस्टरहाउट यांनी तयार केला होता. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमध्ये देवनागरी मजकूर सहज हाताळता येतो. इतकेच नव्हे, तर चलांना ‘ओळ’, ‘अक्षरे’, ‘चिन्हे’ अशी मराठी नावेही देता येतात.

पहिली अडचण विचाराच्या वळणाची आहे. विद्यार्थ्याने आजवर लिहिलेले प्रोग्राम वरून खाली चालत आले आणि संपले. खिडकीचा प्रोग्राम तसा संपत नाही. तो सर्व मांडणी करतो आणि ‘मेनलूप’ या अखंड आवर्तनात शिरून वाट पाहत बसतो. कोणी टिचकी मारली, कळ दाबली, की त्या घटनेसाठी नेमलेले काम करून पुन्हा वाट पाहू लागतो. पुढे काय घडायचे ते वापरणारा ठरवतो.

यातूनच नवशिक्यांचा एक नेहमीचा घोटाळा उद्भवतो. बटणाला काम नेमून देताना ‘मोजा’ असे केवळ नाव द्यायचे असते. विद्यार्थी सवयीने पुढे कंस जोडतो. कंसाविना ‘मोजा’ हे नाम आहे. कंस जोडताच तो आज्ञार्थ होतो आणि काम तत्क्षणी, बटण दाबण्यापूर्वीच, उरकले जाते. मग बटण दाबले तरी काही होत नाही. व्याकरणाच्या तासाला नाम आणि क्रियापद यांतील भेद इतक्या प्रत्यक्ष रीतीने मला कधी दाखवता आला नव्हता!

आता अक्षरांकडे वळू. ‘भास्कर’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली, तर उत्तर ६ येते. आपल्याला अक्षरे तीनच दिसतात. यंत्र मात्र भ, काना, स, हलन्त, क आणि र असे सुटे घटक मोजते. म्हणून घटक जुळवून अक्षरे करण्याचे काम आपले. नवे व्यंजन आले आणि त्याच्या आधी हलन्त नसला, तर नवे अक्षर सुरू करावे. स्वतंत्र स्वरानेही नवे अक्षर सुरू होते. मात्रा, अनुस्वार, विसर्ग चालू अक्षरालाच जोडावेत. मग दीर्घ स्वर, अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर ते अक्षर गुरू, पुढचे अक्षर जोडाक्षर असेल तरीही गुरू, बाकीची लघू. चिन्हांच्या जागी ‘ल’ आणि ‘ग’ ठेवले की वृत्त ओळखणेही सोपे होते. पायथनमध्ये ‘लगग’ या मजकुराला चारने गुणता येते, आणि जो बारा अक्षरांचा मजकूर मिळतो तोच भुजंगप्रयाताच्या चरणाचा नमुना.

पण जोडाक्षराचा नियम मराठीत सरसकट चालत नाही. ‘भक्ती’ मधील ‘भ’ वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘तुम्ही’ मधील ‘तु’ वर तो येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. लेखनावरून हा भेद यंत्राला कळत नाही. यासाठीच मला खिडकीचा प्रोग्राम हवा आहे, नुसता उत्तर छापणारा नको. प्रत्येक अक्षराचे एक बटण करावे. टिचकी मारली की लघूचा गुरू आणि गुरूचा लघू व्हावा.

येथे आणखी एक खाचखळगा आहे. ओळीत किती अक्षरे येणार हे आधी माहीत नसल्याने बटणे आवर्तनात घडवावी लागतात आणि प्रत्येकाला ‘स्थान क चे चिन्ह बदल’ असे सांगावे लागते. बटण ‘क’ हे नाव लक्षात ठेवते, त्या क्षणीचे मूल्य नाही. टिचकी मारली जाईपर्यंत आवर्तन संपून ‘क’ शेवटच्या स्थानी गेलेला असतो. त्यामुळे कोणतेही बटण दाबले तरी शेवटचेच अक्षर बदलते. सर्वनामाचा संदर्भ चुकल्यासारखाच हा प्रकार. बटणाचे काम लिहिताना ‘क=क’ असे मूलमूल्य देऊन ठेवले, की त्या वेळचे स्थान प्रत्येक बटणापाशी कायम राहते.

एवढे जमले की प्रोग्राम पुरा झाला, परंतु टिचकी कोठे मारायची हे कान सांगतो, आणि बडोद्यासारख्या गावी तो कान बव्हंशी घरातच घडतो. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : मुलाने वा नातवाने ही खिडकी तयार केली, तर शेजारी बसावे, ओळ दोनदा मोठ्याने म्हणावी, आणि ‘तुम्ही’ पाशी आल्यावर माउस त्याच्याच हाती राहू द्यावा.